जाड झालेले हृदय बलवान का नसते?

शिक्षकांच्या शिबिरांत रक्ताभिसरणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. तालमीत जाणाऱ्या मुलाचे दंड भरतात तेव्हा आपण त्याला बलवान म्हणतो. हृदय हाही स्नायूच आहे. मग वाढलेल्या रक्तदाबामुळे हृदयाची भिंत जाड झाली तर डॉक्टर काळजीत का पडतात? उलट हृदय भक्कम झाले म्हणून समाधान का मानू नये?

प्रश्न साधा वाटतो, पण तो नेमक्या मर्मावर बोट ठेवतो. एके काळी मोठमोठे तज्ज्ञही याच वळणाने विचार करीत होते. बोस्टनचे विख्यात हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथात असे मत मांडले होते की, वाढलेला रक्तदाब ही शरीराने केलेली भरपाईची सोय असू शकेल आणि तसे असेल तर तो खाली आणता आला तरी त्यात ढवळाढवळ करू नये. हे मत का टिकले नाही, हे समजून घेण्यासाठी आपण आधी एका हृदयाची कहाणी पाहू.

एका राष्ट्राध्यक्षाचे हृदय

मार्च १९४४. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना थकवा होता, थोड्या श्रमानेही धाप लागत होती. बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८ भरला. ओठांवर निळसर झाक होती, हृदय आकाराने वाढलेले होते आणि फुफ्फुसांच्या तळाशी द्रव साचल्याचे बारीक आवाज येत होते. हृदय अपुरे पडू लागल्याची ही लक्षणे होती.

हा दाब काही त्या आठवड्यात चढलेला नव्हता. १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १६२/९८ आणि १९४१ मध्ये १८८/१०५ असा नोंदलेला आहे. म्हणजे निदान सात वर्षे हे हृदय चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत होते. या काळात रूझवेल्ट निवडणुका लढले, भाषणे देत राहिले, युद्ध चालवीत राहिले. हृदय तक्रार न करता काम करीत होते. ते तक्रार का करीत नव्हते आणि शेवटी का करू लागले, हाच आपला विषय आहे.

दाब म्हणजे हृदयाला किती काम?

रक्तदाबाचा पहिला प्रत्यक्ष मापनप्रयोग इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी केला आणि त्याचा वृत्तांत १७३३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी एका घोडीच्या रोहिणीला उभी काचेची नळी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर चढले. एवढ्या उंच नळीऐवजी पुढे पारा वापरला जाऊ लागला, कारण पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. पाऱ्याची उपकरणे आता मागे पडत चालली आहेत, पण 'मिलिमीटर पारा' हे एकक राहिले आहे. १२०/८० यातला वरचा आकडा हृदय आकुंचन पावताना रोहिण्यांत असणारा दाब, तर खालचा आकडा हृदय शिथिल असतानाचा दाब.

आता थोडे गणित करू. १२०/८० या दाबाची सरासरी सुमारे ९३ मि.मी. पारा, म्हणजे १२,४०० पास्कल येते. हृदयाचे डावे निलय (जुन्या पुस्तकांतील डावी जवनिका) दर ठोक्याला सुमारे ७० मि.लि. रक्त महारोहिणीत ढकलते. दाब गुणिले आकारमान म्हणजे कार्य. तेव्हा एका ठोक्याचे कार्य सुमारे ०.८७ ज्यूल. दिवसाला सुमारे १ लाख ठोके पडतात, म्हणजे एकूण ८७,००० ज्यूल.

हा आकडा मुलांपुढे असा ठेवावा. सहा मीटर खोल विहिरीतून १५ लिटरची पाण्याने भरलेली बादली वर ओढायला सुमारे ८८० ज्यूल कार्य करावे लागते. म्हणजे मुठीएवढे हृदय रोज जवळजवळ १०० बादल्या पाणी शेंदते. आता रक्तदाब १६०/१०० झाला असे समजू. सरासरी १२० मि.मी. होते आणि बादल्यांची संख्या १०० वरून सुमारे १२७ वर जाते. रोज २७ बादल्या जादा. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीची नाही, झोपेत फार तर थोडीशी सूट. हिशेब ढोबळ आहे, पण ओझ्याची कल्पना यावरून येते.

फुगा आणि लाप्लासचा नियम

हे ओझे हृदयाच्या भिंतीवर कसे पडते? वर्गात एक लांबट फुगा अर्धाच फुगवा. फुगलेला भाग बोटाने दाबला तर ताठ लागतो, टोकाचा न फुगलेला भाग मात्र मऊच राहतो. आतल्या हवेचा दाब दोन्हीकडे सारखाच आहे. मग फरक कशाचा? त्रिज्येचा. दाब तोच असला तरी पोकळी जितकी रुंद, तितका भिंतीवर ताण अधिक. हीच गोष्ट सुमारे दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच गणिती लाप्लास यांनी सूत्रात मांडली. जाड भिंतीच्या गोल पोकळीसाठी ते असे लिहिता येईल:

भिंतीतील ताण = (दाब × त्रिज्या) ÷ (२ × भिंतीची जाडी)

हृदय काही अचूक गोल नाही, पण अंदाजासाठी हे सूत्र पुरते. डाव्या निलयाच्या पोकळीची त्रिज्या २.४ से.मी., भिंतीची जाडी ०.९ से.मी. आणि दाब १२० मि.मी. धरला तर ताण १६० येतो. दाब १८० झाला की ताण २४० होतो, म्हणजे दीडपट. स्नायुपेशींना हा ताण जाणवतो. त्यांना पोकळीतला दाब खाली आणता येत नाही. त्यांच्या हातात एकच राशी आहे: जाडी. भिंत ०.९ वरून १.३५ से.मी. झाली की ताण पुन्हा १६० वर येतो.

म्हणजे हृदयाचे जाड होणे ही सुरुवातीला खरोखरच भरपाई आहे. व्हाइट यांच्या काळातल्या तज्ज्ञांनी भरपाई पाहिली ती चुकीची नव्हती. चूक एवढीच की, या भरपाईसाठी हृदयाने काय गहाण टाकले आहे, ते त्यांना दिसत नव्हते.

गहाण पडलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट पेशींची. हृदयाच्या स्नायुपेशी जन्मानंतर जवळजवळ विभागत नाहीत. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात आलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती सापडतो, यावरून २००९ साली हिशेब मांडण्यात आला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात आणि पुढे हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. तेव्हा भिंत जाड होते ती माणसे वाढवून नव्हे, तर आहे त्याच माणसांवर जादा काम टाकून. प्रत्येक पेशी रुंद होते, तिच्यात आकुंचन पावणारे तंतू एकमेकांशेजारी वाढतात.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. शरीरातील बहुतेक अवयव रोहिणीतून आलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे पावभागच वापरतात. बाकीचा राखीव राहतो. हृदयाचा स्नायू मात्र आपण स्वस्थ बसलेलो असतानाही आलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ७० टक्के काढून घेतो. म्हणजे त्याची मागणी वाढली तर 'आहे त्यातून अधिक घेणे' जवळपास शक्य नसते. अधिक रक्तच यावे लागते. पण पेशी रुंद झाल्या तरी केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. केशवाहिनीपासून पेशीच्या मध्यापर्यंतचे अंतर वाढते आणि ऑक्सिजनला अधिक वाट चालावी लागते.

त्यातच डाव्या निलयाच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, कारण आकुंचनाच्या वेळी भिंत स्वतःच्याच रक्तवाहिन्या पिळून टाकते. भिंत जाड झाली की तिचा आतला थर सर्वांत आधी उपाशी राहतो. शिवाय चढा दाब हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रोहिण्यांचे आतले अस्तरही बिघडवतो आणि तेथे मेदाचे थर साचण्यास हातभार लावतो. एकीकडे मागणी वाढते, दुसरीकडे नळ बारीक होतो. म्हणूनच दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो.

तिसरी गोष्ट जागेची. भिंतीत स्नायुपेशींबरोबर तंतुजनक पेशीही असतात. त्या कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे विणतात. सततचा ताण आणि अँजिओटेन्सिनसारखी संप्रेरके यांमुळे त्या अधिक कामाला लागतात. स्नायूच्या तंतूंमध्ये कोलॅजनचे जाळे दाट होत जाते. कोलॅजन आकुंचन पावत नाही, सहज ताणलेही जात नाही. जाड झालेल्या भिंतीचा एक हिस्सा अशा रीतीने स्नायू उरतच नाही. तालमीतला दंड आणि हे हृदय यांत पहिला फरक पडतो तो येथे.

रक्त ढकलता येते, भरून घेता येत नाही

हृदय म्हणजे पंप, असे आपण शिकवतो. पण पंपाची दोन कामे असतात: आत घेणे आणि बाहेर ढकलणे. आपण दुसऱ्या कामावर भर देतो, आणि उच्च रक्तदाबात बहुधा आधी बिघडते ते पहिले.

जाड आणि कडक भिंत नीट सैल होत नाही. निरोगी निलयात रक्त अलगद उतरते. कडक निलयात ते दाबून भरावे लागते. हा दाब मागच्या कप्प्याला, म्हणजे डाव्या अलिंदाला द्यावा लागतो. अलिंदाची भिंत पातळ असते. वर्षानुवर्षे जोर लावून अलिंद रुंदावते. रुंदावलेल्या अलिंदातील विद्युत्‌संदेशांची शिस्त मोडू शकते आणि ते ठोक्याने आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते. त्यामुळे दोन अडचणी होतात. निलय भरताना अलिंदाने शेवटी दिलेला धक्का जातो, आणि कडक निलयाला त्याचीच सर्वांत अधिक गरज असते. शिवाय थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो.

अलिंदाच्याही मागे फुफ्फुसे आहेत. डाव्या अलिंदातील दाब सामान्यतः १० मि.मी.च्या आसपास असतो. तो वाढत २५च्या पुढे गेला की फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांतून द्रव पाझरून वायुकोशांकडे जाऊ लागतो. माणसाला जिना चढताना धाप लागते. पुढे रात्री आडवे झाले की गुदमरते आणि उशा वाढवाव्या लागतात. अशा वेळी हृदय रक्त बाहेर ढकलण्यात अजून पटाईत असू शकते. निलय भरल्यावर त्यातले निम्म्याहून अधिक रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडत असते, आणि तरीही रुग्णाला हृदय अपुरे पडण्याचा त्रास होतो.

काहींच्या बाबतीत गोष्ट याहून पुढे जाते. उपाशी पेशी मरतात, त्यांच्या जागी कोलॅजनचे व्रण येतात, भिंत हार मानते आणि पोकळी रुंदावू लागते. आता पुन्हा लाप्लासचे सूत्र लावा. त्रिज्या ३.२ से.मी., जाडी १ से.मी., दाब १६० मि.मी. ताण येतो २५६. ताण वाढला की पोकळी आणखी रुंदावते, आणि रुंदावली की ताण आणखी वाढतो. ज्या सूत्राने आजवर हृदयाला तारले, तेच आता त्याच्या विरुद्ध उभे राहते.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. या पाहणीवर आधारलेल्या १९९६ च्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांचे हृदय पुढे अपुरे पडले त्यांपैकी ९१ टक्के लोकांना आधीपासून उच्च रक्तदाब होता.

पैलवान आणि जिराफ

मग व्यायामाने हृदय जाड होत नाही का? होते. पण व्यायाम करणाऱ्याच्या हृदयावर ओझे दिवसाचे तास-दोन तास असते आणि नंतर विश्रांती मिळते. भिंत वाढते तशा रक्तवाहिन्याही वाढतात, कोलॅजनची भर पडत नाही, भिंत सैल व्हायला विसरत नाही. सराव थांबला की हृदय बहुधा पूर्वपदावर येते. उच्च रक्तदाबाच्या हृदयाला विश्रांतीचा तासच नसतो. फरक आहे तो जाडीत कमी आणि जाडी कशाची बनली आहे, यात अधिक.

जिराफाचे उदाहरण तर मुलांना फार आवडते. एवढ्या उंच मानेवरच्या डोक्याला रक्त पोचवायचे, तर हृदयाजवळचा दाब माणसाच्या साधारण दुप्पट असावा लागतो. जिराफाची भिंत जाड आणि निलयाची पोकळी त्या मानाने लहान असते. सूत्रात पाहा: त्रिज्या कमी, जाडी अधिक, म्हणून ताण आटोक्यात. आयुष्यभर एवढा दाब असूनही त्याचे हृदय आपल्या रुग्णांसारखे बिघडत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जिराफाच्या एका जनुकातील खास बदल उंदरांत घडवून आणले गेले. मग दाब वाढवणारे संप्रेरक देऊनही त्या उंदरांचा दाब फारसा वाढला नाही आणि हृदयाची हानीही पुष्कळ कमी झाली. जिराफाला ही सोय उत्क्रांतीने दिली आहे. आपल्याला ती मिळालेली नाही.

मुंबईचा धागा

रूझवेल्ट यांच्याकडे परत येऊ. ब्रुएन यांनी त्यांना डिजिटॅलिस दिले, मीठ कमी केले, सिगारेटी आणि काम कमी करायला सांगितले. धाप कमी झाली, पण दाब उतरला नाही. तो उतरवणारे भरवशाचे औषधच तेव्हा हाती नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे डोक्यात असह्य कळ येऊन ते कोसळले आणि मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या वेळी त्यांचा रक्तदाब ३०० च्या घरात होता. वय होते ६३.

जगाला पुढची वाट दाखवण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यकात जुनी. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या प्रसिद्ध चाचणीत रिसर्पिन आणि आणखी दोन औषधे एकत्र दिली होती. १९७० साली तिचे निष्कर्ष आले. खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० पुरुषांपैकी औषध न मिळालेल्या गटात ११ जणांचे हृदय अपुरे पडले. औषध मिळालेल्या गटात एकाचेही नाही. दाबात ढवळाढवळ करावी की नाही, या प्रश्नाचे हे उत्तर होते. रिसर्पिन दुष्परिणामांमुळे आता मागे पडले आहे आणि त्याहून चांगली औषधे स्वस्तात मिळतात.

दिलाशाची गोष्ट अशी की, दाब उतरवला तर जाड झालेली भिंत बऱ्याच रुग्णांत पुन्हा पातळ होते, आणि ज्यांची ती पातळ होते त्यांचा धोकाही कमी होतो. मात्र कोलॅजन मुरल्यावर परतीची वाट अवघड होते. म्हणून प्रश्न वेळेचा आहे.

शिक्षकखोलीत

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे दहा शिक्षक बसलेल्या खोलीत तिघा-चौघांना तो असण्याचा संभव आहे, आणि त्यांपैकी काहींना त्याचा पत्ताही नसेल. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे दाब ठीक आहे, हा समज आपण सोडायला हवा. वर पाहिलेली सारी भरपाई नेमकी यासाठीच असते की आपल्याला काही जाणवू नये.

तेव्हा वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. आधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, दंड हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा आणि मोजताना बोलू नये. आकडा वारंवार १४०/९० किंवा वर आला तर डॉक्टरांना भेटावे. दिवसाचे मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर, याच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या चमच्यात लोणचे, पापड, फरसाण आणि ताटात वरून वाढून घेतलेले मीठ हे सगळे धरायचे आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: 'आता बरे वाटते' म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बरे तर आधीही वाटतच होते. गोळी बरे वाटावे म्हणून नसतेच. रोजच्या जादा २७ बादल्या कमी व्हाव्यात आणि हृदयावर भिंत जाड करण्याची वेळ येऊ नये, यासाठी ती असते.

शिबिरातल्या त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. पैलवानाचा दंड जाड होतो तो विश्रांती घेऊन. उच्च रक्तदाबाचे हृदय जाड होते ते विश्रांतीवाचून, उधारीवर. पुढच्या वेळी हा धडा शिकवताना लांबट फुगा बरोबर न्यावा, आणि मुलांना घरी जाऊन विचारायला सांगावे: "आई, बाबा, आजी, तुम्ही रक्तदाब शेवटचा कधी मोजला?"